चारोटीच्या पुलावरची मर्सिडीज

घोलवड-बोर्डीकडचा माणूस मोटारीने मुंबईला निघाला की डहाणूवरून चारोटी नाक्याला येतो आणि तिथे अहमदाबाद महामार्ग धरतो. गुजरातेतून येणारा अच्छाडला राज्याची हद्द ओलांडतो, तलासरी आणि दापचरी मागे टाकतो, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडतो आणि त्याच नाक्याला येऊन मिळतो. पुढे सूर्या नदीचा पूल लागतो. रविवार, 4 सप्टेंबर 2022 रोजी दुपारी या पुलाच्या कठड्यावर मुंबईकडे चाललेली एक मर्सिडीज-बेंझ जीएलसी 220 डी आदळली. मागच्या आसनांवर बसलेले टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मृत्युमुखी पडले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

‘मर्सिडीज असूनही?’ हा प्रश्न त्या संध्याकाळपासून जो तो विचारू लागला. तो साधा वाटतो, पण त्यात एका जर्मन कंपनीची शंभरावर वर्षांची कीर्ती गृहीत धरलेली आहे. ती कीर्ती कशी उभी राहिली आणि चारोटीच्या पुलावर तिचे काय झाले, हे उपलब्ध कागदांवरून लावून पाहता येते. मात्र कागद कोणत्या दिवशीचा आणि कोणी लिहिलेला, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

पहिल्या दिवसाची साक्ष

पहिल्या संध्याकाळच्या बातम्यांत गाडी अहमदाबादहून मुंबईला येत होती आणि अपघात सव्वातीनच्या सुमारास झाला, असे आहे. दोन्ही तपशील पुढे बदलले. गाडी गुजरातेतल्या उदवाड्याहून, पारशी समाजाच्या इराणशाह आतश बेहराम या अग्निमंदिराच्या दर्शनानंतर, परतत होती आणि अपघाताची वेळ अडीचच्या आसपास ठरली. उदवाडा ते चारोटी हा रस्ता तासा-दीड तासाचा, तर अहमदाबाद ते चारोटी हा सहा-सात तासांचा. चालकाचा थकवा, वेग, घाई यांविषयीचे सगळे तर्क या एका दुरुस्तीने बदलतात. तरीही पहिल्या दिवसाचा मजकूर आजही जिथे-तिथे तसाच उतरवलेला दिसतो.

वेगाच्या आकड्याची गतही अशीच झाली. चारोटी तपासणी नाक्यावरच्या सीसीटीव्हीत गाडी 2 वाजून 21 मिनिटांनी दिसते आणि तिने पुढचे 20 किलोमीटर 9 मिनिटांत कापले, असे पोलिसांच्या हवाल्याने छापून आले. हिशेब केला तर ताशी 133 किलोमीटर हा सरासरी वेग निघतो आणि हाच आकडा सर्वतोमुखी झाला. पण या भागातला कोणीही माणूस इथे अडखळेल. चारोटी नाका आणि सूर्येचा पूल यांच्यात 20 किलोमीटर नाहीत. दोन्ही चारोटीचेच आहेत. पुलापासून वीसेक किलोमीटर मागे गेले तर आपण तलासरीच्या अंगाला, दापचरीच्या आसपास पोहोचतो. तेव्हा एकतर नाक्याचे नाव चुकले आहे किंवा अंतर तरी. जागेचा मेळ बसल्याशिवाय 133 हा आकडा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

गाडीने ठेवलेली नोंद

याहून भरवशाचा साक्षीदार गाडीतच होता. आजच्या मोटारीत धडकेच्या आधीच्या काही सेकंदांचा वेग, ब्रेक, पट्टे आणि एअरबॅग यांची नोंद ठेवणारी यंत्रणा असते. पालघर पोलिसांनी कंपनीला लेखी प्रश्न पाठवले: टायरमधला दाब किती होता, ब्रेक ऑइल किती होते, एअरबॅग उघडल्या का, गाडीत काही यांत्रिक बिघाड होता का, आणि कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या चाचण्यांचे निकाल काय होते. गाडी ठाण्याला हलवण्यात आली. हाँगकाँगहून कंपनीचे तज्ज्ञ येऊन ती तपासून गेले आणि सांकेतिक स्वरूपातली नोंद उलगडण्यासाठी जर्मनीला पाठवायचे ठरले.

कंपनीच्या अंतरिम अहवालातून दोन गोष्टी बाहेर आल्या. धडकेच्या 5 सेकंद आधी ब्रेक दाबला गेला होता. त्या वेळी वेग ताशी 100 किलोमीटर होता आणि आदळताना 89. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. ताशी 100 ने धावणारी चांगली गाडी कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबल्यास साडेतीन-चार सेकंदांत, पन्नासेक मीटरांच्या आत उभी राहते. इथे 5 सेकंदांत गाडी सुमारे 130 मीटर पुढे गेली आणि वेग फक्त 11 ने उतरला. म्हणजे त्या पाच सेकंदांचा बराचसा काळ ब्रेकवर पाय हलका असणार. जोराचा दाब पडला असेल तर तो अगदी शेवटच्या क्षणी. ब्रेक निकामी झाल्याचा निष्कर्ष या आकड्यांवरून निघत नाही. पुढे 5 नोव्हेंबर 2022 रोजी कासा पोलीस ठाण्यात चालकाविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात आला आणि जानेवारी 2023 मध्ये डहाणूच्या न्यायालयात दीडशेहून अधिक पानांचे आरोपपत्र दाखल झाले. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. इथे प्रश्न गाडीच्या नावाचा आहे.

त्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद तिसरी. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. ताशी 89 किलोमीटरने जाणारी गाडी कठड्याशी थांबली, तरी आत मोकळा बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने हा आघात सुमारे 31 मीटरवरून, म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याएवढा असतो. एअरबॅगचे गणित माणूस पट्ट्याने आसनाला धरलेला आहे असे मानूनच मांडलेले असते.

कीर्तीचा पाया

आता या नावाकडे वळू. कार्ल बेंझ यांनी 29 जानेवारी 1886 रोजी मानहाइममध्ये आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. 37435 क्रमांकाच्या त्या पेटंटपासून मोटारीचा इतिहास मोजण्याची प्रथा आहे. डाइमलर आणि बेंझ या प्रतिस्पर्धी कंपन्या 1926 साली एक झाल्या. पण ‘मर्सिडीज म्हणजे सुरक्षित गाडी’ हे समीकरण बरेच उशिराचे, दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे. बेला बारेनी या अभियंत्याने 1951 साली मांडलेल्या कल्पनेत त्याचे मूळ सापडते. तोवर मजबूत गाडी म्हणजे कुठेही न चेपणारी गाडी, असा समज होता. बारेनींनी तो उलटा केला: प्रवासी बसतात तो मधला भाग कणखर ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपेल असा करायचा, म्हणजे धडकेची ताकद तिथेच जिरते. 1959 साली या तत्त्वावरची गाडी बाजारात आली आणि त्याच वर्षी कंपनीने गाड्या ठरवून भिंतीवर आदळवून पाहायला सुरुवात केली.

1969 पासून तर कंपनीचे अभियंते कारखान्याच्या परिसरातल्या रस्त्यांवर आपल्या गाड्यांना खरोखर झालेल्या अपघातांच्या जागी जाऊन मोजमापे घेऊ लागले: पत्रा किती चेपला, चाक कुठे सरकले, कोणाला कुठे लागले. चाके जखडू न देणारे ब्रेक 1978 साली, एअरबॅग आणि आपोआप ताणला जाणारा पट्टा 1981 साली, गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा 1995 साली, अशी मालिका पुढे आली. अपघातांच्या फायलींवर मन लावून केलेल्या कामातून ही कीर्ती घडत गेली.

तिला तडेही गेले आणि तेही कागदांनीच दाखवले. 1944 साली कंपनीच्या 63,610 कामगारांपैकी जवळजवळ निम्मे वेठीला धरलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते, हे आज कंपनी स्वतःच्याच इतिहासात नोंदवते. 1980 च्या दशकात अभ्यासकांनी हा विषय लावून धरला आणि 1988 साली कंपनीने भरपाईपोटी 2 कोटी मार्क दिले. 1997 साली स्वीडनमधल्या एका मोटार नियतकालिकाच्या चाचणीत, अडथळा चुकवताना नवी ए-क्लास उलटली. आधी कंपनीने सारवासारव केली, मग विक्री थांबवली आणि घसरण रोखणारी यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली.

भारतात मर्सिडीजच्या चिन्हातला तीन टोकांचा तारा आधी मालमोटारींवर आला. 1954 साली टाटा समूहातली टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा पंधरा वर्षांचा करार झाला, जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज मालमोटारी निघू लागल्या आणि 1969 साली करार संपल्यावर त्यांवर टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. मोटारगाड्यांसाठी दोघे पुन्हा 1994 साली एकत्र आले. 1995 पासून पिंपरीत ई-क्लास जुळवली जाऊ लागली. जर्मनीत तिची जागा नव्या मॉडेलने घेतली होती आणि आपल्याकडे मात्र तीच नवी म्हणून विकली जात होती. भारतीय गिऱ्हाइकाला ते समजायला वेळ लागला नाही. 2009 साली चाकणचा कारखाना सुरू झाला आणि 2016 पासून जीएलसीही तिथे जुळवली जाऊ लागली. तारा भारतीय कारखान्यात आणणाऱ्या समूहाचे माजी अध्यक्षच चारोटीला त्या ताऱ्याच्या गाडीत गेले, हा योगायोग आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही.

पाच तारे आणि एक कठडा

जीएलसीला 2015 साली, गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले होते. हे प्रशस्तिपत्र सगळे वाचतात, त्याखालच्या अटी कोणी वाचत नाही. समोरच्या धडकेची मुख्य चाचणी तेव्हा ताशी 64 किलोमीटरला होत असे आणि गाडीतल्या बाहुल्यांना पट्टे लावलेले असत. वेग 64 चा 89 झाला की धडकेची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. चारोटीला वेग जास्त होता आणि मागे पट्टे नव्हते. पाच ताऱ्यांनी हमी दिली होती ती ही परिस्थिती नव्हे.

उरला रस्ता. सरकारच्या सांगण्यावरून जागा पाहणाऱ्या सात जणांच्या पथकाने पुलाच्या रचनेवरच बोट ठेवले: रस्ता पुलापाशी तीन मार्गिकांवरून दोनवर येतो आणि कठड्याची भिंत कडेच्या पट्टीत पुढे घुसलेली आहे. आंतरराष्ट्रीय रस्ता महासंघाने मनोर ते अच्छाड या सुमारे 70 किलोमीटरच्या टप्प्याची पाहणी केली. तिथे सूचनाफलकांची वानवा होती आणि दुभाजकात अनेक ठिकाणी मोकळी वाट होती. पुलाच्या कठड्यावर आदळणारी ती पहिली गाडी असती, तर निव्वळ दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. पण त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत घोडबंदर ते दापचरी या पट्ट्यात 262 अपघात, 62 मृत्यू आणि 192 जखमी, अशी महामार्ग पोलिसांची नोंद होती. त्यांतले 26 मृत्यू चारोटीच्या परिसरातले होते. त्या 26 जणांपैकी बहुतेकांच्या गाडीची तपासणी करायला हाँगकाँगहून कोणी आले नाही.

मागच्या आसनावरचा पट्टा हा नवा नियमही नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 138(3) समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांनाही लागू होतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 1,000 रुपये आहे. मिस्त्रींच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तो कसोशीने लागू करण्याची घोषणा केली. 1 नोव्हेंबर 2022 पासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. केंद्राच्या अहवालानुसार त्या एका वर्षात पट्टा न लावल्याने देशात 16,715 माणसे गेली. त्यांत 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी.

मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना एक वस्तू काढून टाकायला लावली. पट्टा न लावता त्याच्या खाचेत अडकवली की गाडीची सूचनाघंटा बंद करणारी ती छोटी क्लिप; तिच्या 13,118 जाहिराती हटवल्या गेल्या. मर्सिडीजची कीर्ती अपघातांच्या नोंदी वाचून गाडी सुधारण्यातून उभी राहिली आणि चारोटीच्या नोंदींनी ती खोडून काढलेली नाही. पट्टा आणि कठडा या दोन गोष्टी मात्र कारखान्याच्या हातात नसतात. ‘मर्सिडीज असूनही?’ या प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर एवढेच निघते: गाडीने आपला वाटा उचलला होता, बाकीचे दोन वाटे प्रवाशाचे आणि रस्ता बांधणाऱ्याचे होते.