ट्रेलरचा नंबर खरा कशावरून?

कॅलिफोर्नियात कुणी दुसऱ्या राज्यातून जुना ट्रेलर विकत आणला, की नोंदणीच्या वेळी ‘रेग ३१’ नावाचा एक फॉर्म लागतो. गंमत म्हणजे तो मालकाने भरायचा नसतो. मोटार वाहन विभागाचा कर्मचारी, पोलीस किंवा परवाना असलेला पडताळणीवाला, यांच्यापैकी कुणीतरी ट्रेलरपाशी जातो, डाव्या बाजूला पुढच्या भागात वाकतो, पाटी शोधतो, तिच्यावरचा चिखल पुसतो आणि तिथले सतरा आकडे-अक्षरं स्वतःच्या हाताने कागदावर उतरवतो. हाच नंबर विक्रीच्या कागदावर आधीच छापलेला असतो. तो ऑनलाइन टाकला तर बनवणारा कोण, साल कुठलं, हे अमेरिकी सरकारची वेबसाइट फुकटात सांगते. तरीही माणूस वाकतोच.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. मालवाहतुकीच्या एका प्रकल्पात व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, तपासणारं छोटंसं फंक्शन माझ्या वाट्याला आलं, आणि मी या सतरा जागांच्या नादी लागलो. आमच्या धंद्यात सगळ्यांना वाटतं की नंबर तपासायला माणूस कशाला हवा. ट्रेलर हे त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे, पण त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या मोटारींची ओळख इंजिनात होती. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या वर विकल्या गेल्या आणि गाडीचा नंबर म्हणजे इंजिनावर ठोकलेला नंबर, असाच व्यवहार होता. आता इंजिन तर बदलता येतं. जुनं गेलं, नवं टाकलं. मग ही गाडी तीच की दुसरी? प्रामाणिक मालकाला हा प्रश्न कटकटीचा होता, चोराला सोयीचा. आणि ट्रेलरला तर इंजिनच नाही. दोन चाकं, एक आस, चौकट आणि पुढे ओढायची दांडी. वेल्डिंग येणारा कुणीही माणूस सुट्टीच्या चार दिवसांत एक उभा करू शकतो. ज्या व्यवस्थेत ओळख इंजिनात राहते, तिच्यात ट्रेलर बिनओळखीचाच राहणार.

चोरी मात्र कुणासाठी थांबली नाही. मोटारीने एक नवीच सोय केली होती: राज्याची हद्द ओलांडली की तिकडचे पोलीस वेगळे, इकडचे वेगळे. म्हणून १९१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने डायर कायदा केला. चोरलेली गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली, की तो केंद्र सरकारचा गुन्हा. या कायद्याची ताकद सगळ्या देशाला दिसली ती १९३४ च्या मार्चमध्ये. जॉन डिलिंजर हा बँका लुटणारा दरोडेखोर इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून पळाला आणि पळताना तिथल्या महिला शेरीफचीच गाडी घेऊन गेला. तुरुंग फोडणं हा राज्याचा मामला. पण गाडी इलिनॉयच्या हद्दीत शिरली आणि डायर कायदा मोडला. केंद्रीय तपास यंत्रणेला त्याच्या मागे लागायला अधिकृत कारण मिळालं ते हे. इतकी लुटालूट करून माणूस सापडला तो गाडीच्या कलमात!

पन्नाशीच्या दशकात अमेरिकी कारखाने इंजिन सोडून सबंध गाडीला नंबर द्यायला लागले. पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, लांबी वेगळी, जागा वेगळी. १ जानेवारी १९६९ पासून नियम आला की मोटारीचा नंबर समोरच्या काचेतून बाहेरून वाचता आला पाहिजे. तुम्ही आज कुठल्याही अमेरिकी गाडीच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात जी छोटी पट्टी बघता, ती तिथली. या पट्टीवरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पोलिसाने अडवलेल्या गाडीत डॅशबोर्डवर कागद पडून नंबर झाकला गेला होता. ते बाजूला करायला त्याने हात आत घातला आणि त्याला सीटखाली पिस्तूल दिसलं. ही झडती झाली का? ‘न्यूयॉर्क विरुद्ध क्लास’ या १९८६ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हा नंबर खाजगी नाहीच, तो बघण्यापुरता हात घालणं चालेल. पाच विरुद्ध चार असा निकाल होता, म्हणजे चार न्यायाधीशांना ते पटलं नव्हतं. मलाही पूर्ण पटत नाही, पण ते असो.

मग आलं १९८१. त्या सालच्या मॉडेलपासून अमेरिकेत सतरा जागांचा, सगळ्यांना सारखा नंबर सक्तीचा झाला. मोटारी, ट्रक, मोटरसायकली आणि ट्रेलरसुद्धा. इंजिन नसलेलं वाहन पहिल्यांदाच मोटारीच्या पंगतीत बसलं. पहिल्या तीन जागा बनवणाऱ्याच्या, दहावी सालाची, शेवटच्या अनुक्रमांकाच्या. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं हद्दपार, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. आणि नवव्या जागेवर माझी लाडकी गोष्ट: तपासणीचा आकडा.

तो काढायची रीत अशी. प्रत्येक अक्षराला एक किंमत, प्रत्येक जागेला एक वजन. किंमत गुणिले वजन, सगळ्यांची बेरीज, तिला अकराने भागायचं. बाकी उरेल ती नवव्या जागेवर. बाकी दहा आली तर एक्स. जुन्या मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठावर आयएसबीएनच्या शेवटी कधीकधी एक्स दिसतो, तो याच जातीच्या हिशोबातून आलेला.

फंक्शन लिहिताना मी अक्षरांच्या किमतींचा तक्ता बघत बसलो होतो. ए ची किंमत १, बी ची २, असं एच पर्यंत ८. मग जे पासून पुन्हा १. इथपर्यंत ठीक. पण तिसऱ्या फेरीत एस ची किंमत १ नाही, २ आहे. का? कुठेतरी कुणाचा हात घसरला असेल असं वाटतं. हात कुणाचाही घसरलेला नाही. संगणकाला पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून माहिती देत, त्या काळात आयबीएमच्या कार्डांवर इंग्रजी वर्णमाला तीन गटांत मांडलेली असे: ए ते आय, जे ते आर आणि एस ते झेड. पहिल्या दोन गटांत नऊ-नऊ अक्षरं, तिसऱ्यात आठच. म्हणून तिसरा गट दोनपासून सुरू व्हायचा. त्यातली एक नंबरची जागा तिरक्या रेघेने अडवलेली होती. व्हिनचा तक्ता या कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतो, फक्त आय, ओ, क्यू यांच्या जागा रिकाम्या. म्हणजे आज कुणी फोनवर ट्रेलरचा नंबर तपासतो तेव्हा त्या हिशोबात पुठ्ठ्याची भोकं अजून शिल्लक आहेत.

हा आकडा काय पकडतो? लिहिणाऱ्याची चूक. ५ च्या जागी एस लिहिला, दोन शेजारचे आकडे उलटे झाले, की हिशोब बिघडतो आणि चूक उघडी पडते. २ च्या जागी एस लिहिला तर मात्र तो गप्प बसतो, कारण दोघांची किंमत एकच. आणि सतराही जागांवर नुसता १ लिहा: वजनांची बेरीज ८९, अकराने भागून बाकी १, आणि नवव्या जागेवर १ आहेच. तपासणीत पास! असा ट्रेलर जगात कुठेही नाही, पण गणिताला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

अडचण इथेच आहे. चूक आणि खोटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोराला खोटा नंबर रचायची गरजच नसते. तो बाजारात उभ्या असलेल्या, तशाच बनावटीच्या खऱ्या ट्रेलरचा खरा नंबर उतरवून घेतो आणि चोरलेल्यावर लावतो. गणित बरोबर, सरकारी वेबसाइट म्हणते बरोबर, कागद बरोबर. खोटी असते ती एकच गोष्ट, लोखंड आणि आकडा यांच्यातली गाठ. ती कुठल्याही डेटाबेसमध्ये बसून दिसत नाही. पाटीचे रिव्हेट नवे आहेत का, रंग फक्त पाटीभोवतीच ताजा का, दांडीवर ठोकलेला नंबर आणि पाटीवरचा नंबर एकच आहे का, हे वाकूनच बघावं लागतं. मोटारींत तर जनरल मोटर्सने साठच्या दशकात फुलासारख्या सहा पाकळ्यांचे खास रिव्हेट वापरायला सुरुवात केली, पाटी उपटून पुन्हा बसवली तर कळावं म्हणून. १९८४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि नंबर खोडणं, बदलणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरला.

लोखंडाची स्मृती मात्र चोराला वाटते त्यापेक्षा खोल असते. ठशाने आकडा ठोकला की खालच्या धातूचे कणही दाबले जातात, दिसणाऱ्या खाचेच्या बऱ्याच खाली. चोर ग्राइंडर फिरवून खाच सपाट करतो, पण दाबलेला थर पुष्कळदा उरतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग घासूनपुसून त्याच्यावर तांब्याचं क्लोराइड आणि आम्ल यांचं मिश्रण लावतात. दाबलेला भाग आणि न दाबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने खाल्ला जातो आणि पुसलेला आकडा सावलीसारखा वर येतो.

आणि कधी ही स्मृती माणसं मेल्यानंतर बोलते. २६ फेब्रुवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला, सहा जण गेले. ढिगाऱ्यात व्हॅनच्या लोखंडाचा एक तुकडा सापडला आणि त्याच्यावर नंबर होता. व्हॅन रायडर कंपनीची, भाड्याने दिलेली. ज्याने ती घेतली होती तो ती चोरीला गेल्याचं सांगून ४०० डॉलरची अनामत परत मागायला आला आणि पकडला गेला. दोन वर्षांनी ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं मेली, तेव्हा तिथेही उडून पडलेल्या मागच्या आसावरच्या नंबरावरून ट्रक भाड्याने देणारं दुकान सापडलं. दोन्ही वेळा माणसं खोटं बोलली. लोखंड खोटं बोललं नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट किती साधी करून ठेवलीय बघा. जुनी गाडी नावावर करताना आरटीओत चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट मागतात. ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद ठेवायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, आणि करड्या रंगात पांढरे आकडे उमटतात. बऱ्याच जणांना हे जुनाट वाटतं. एजंटकडून होतं म्हणून संशयास्पदही. मला विचाराल तर तो टाइप केलेल्या नंबरापेक्षा भारी पुरावा आहे. तिथे माणूस लिहीत नाही, लोखंड स्वतः लिहितं. आकड्यांची ठेवण, एखादा तिरका बसलेला ठसा, सगळं कागदावर येतं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली वेगळी नोंदवावी लागते. गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याला लागलेल्या उसाच्या ट्रॉल्या आठवा. ट्रॅक्टरला नंबर आहे आणि मागच्या ट्रॉलीला पाटीच नाही, असं दृश्य काही दुर्मीळ नाही. रात्री अशी ट्रॉली रस्त्याकडेला सोडून ट्रॅक्टर निघून गेला आणि कुणी तिच्यावर आदळलं, तर ती कुणाची हे विचारायचं कुणाला?

अमेरिकेतही ट्रेलरचं घोडं इथेच अडतं. मोठे कारखाने सोडले तर ट्रेलर बनवणारे पुष्कळ जण छोटे. वर्षाला १,००० पेक्षा कमी वाहनं बनवणाऱ्याला नंबरात तिसऱ्या जागेवर ९ मिळतो, आणि त्याची उरलेली ओळख बाराव्या ते चौदाव्या जागेवर ढकलली जाते. अनुक्रमांकाला उरतात तीन जागा. घरी बनवलेल्या ट्रेलरला किंवा ज्याची पाटी गंजून गेलीय त्याला राज्य स्वतः नवा नंबर देतं, म्हणजे बारसं उशिरा.

सालाच्या अक्षराचा घोळ तर खास ट्रेलरवाल्यांसाठीच राखून ठेवल्यासारखा आहे. दहाव्या जागेवरची चिन्हं तीस वर्षांत संपली. १९८० चा ए २०१० ला पुन्हा आला. मोटारी आणि हलक्या ट्रकसाठी २००८ मध्ये तोड काढली: सातव्या जागेवर आकडा असेल तर जुनी फेरी, अक्षर असेल तर नवी. ट्रेलरला हा नियम लावलाच नाही. दहाव्या जागेवर आर दिसला तर ट्रेलर १९९४ चा असेल किंवा २०२४ चा. नंबर दोन्ही अर्थांनी बरोबर, तपासणीचा आकडाही बरोबर. मूळ कागद हरवलेले असले आणि हातात नुसती विक्रीची पावती असली, तर पडताळणीवाला टायरकडे बघतो. टायरवर तो कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते चार आकड्यांत असतं. पण टायर बदलता येतात. मग तो गुडघ्यावर बसून चौकटीच्या सांध्यांतला गंज बघतो.