वॉशर, पिन आणि काकडा

पहाटे शेजारच्या बिऱ्हाडात स्टोव्ह पेटल्याचा तो भर्र आवाज तुम्ही ऐकला असेल, तर तुमचे वय मी सांगायला नको. चहा होणार, याची ती वर्दी असे. आता घरोघरी गॅस आला आणि तो आवाज गेला. गिर्यारोहकांच्या पाठीवर मात्र त्याच जातीचे लहान स्टोव्ह अजून असतात.

हा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा. 1892 साली फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने तो तयार केला आणि ‘प्रायमस’ या नावाने तो जगभर गेला. तेलावरच्या चुली आधीही होत्या, पण त्या वातीच्या. भांडी काळी करणाऱ्या. लिंडक्विस्टने वातच काढून टाकली. पितळी टाकीत पंपाने हवा कोंडायची; त्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, आणि ती वाफ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून जोराने निघून हवेत मिसळते व निळी जळते. जळते ती वाफ, तेल नव्हे. एवढे ध्यानात आले की पुढचे सगळे कळते. बर्नर थंड असताना पंप मारला तर वर येते ते तेलच, आणि मग पिवळा भडका थेट छताकडे धावतो! त्यासाठी आधी तो काकडा, नाहीतर वाटीतले स्पिरिट. काकडा विझत आल्याशिवाय आई चावी आवळू देत नसे, ते उगाच नव्हे.

नान्सेनने 1895 साली ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाची वाट धरली तेव्हा त्याच्या सामानात प्रायमस होता. बर्फाच्या मुलखात पाणी विपुल, पण सगळे गोठलेले. तेल संपले की तहान भागत नाही, हे तिथले गणित. ते चुकले स्कॉटच्या तुकडीचे. 1912 च्या जानेवारीत हे पाच जण दक्षिण ध्रुवावर पोचले. परतताना वाटेवरच्या साठ्यांतले डबे उघडून पाहतात तो तेल कमी! चोरी कोण करणार तिथे? डब्यांच्या बुचांना कातडी वॉशर होते. कडाक्याच्या थंडीत ते निकामी झाले आणि तेल हळूहळू निसटले, असे मानतात. अॅमुंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते. उपासमार, थंडी, आजार अशी कारणे स्कॉटच्या अंताला पुष्कळ आहेत. सगळा दोष वॉशरला देणे बरोबर नाही. पण मार्चअखेर शेवटचे तिघे पुढच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या 11 मैलांवर तंबूत गेले, तेव्हा त्यांच्याजवळ तेल जवळजवळ नव्हतेच.

आपल्या पंपातही तोच कातडी वॉशर. सुकला की हवा धरत नाही. मग गोडेतेलाचे दोन थेंब. लोक मात्र वॉशर न बघता पंपावर राग काढतात.

एव्हरेस्टवर 29 मे 1953 च्या पहाटे हिलरीचे बूट गोठून लाकूड झाले होते. ते त्याने प्रायमसवर शेकून मऊ केले, आणि मग तेनसिंगबरोबर तो शिखराकडे निघाला. बंद तंबूत स्टोव्ह पेटवणे मात्र जिवाशी खेळ आहे. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, माणूस झोपतो तो उठतच नाही.

भरण्याचे शास्त्र साधे आहे. स्टोव्ह थंड हवा. नरसाळे लावून पाऊण टाकीच भरावी, वरची जागा हवेची. सांडलेले पुसावे, डबा दूर ठेवावा, मग काडी ओढावी. पिन मारूनही भोक मोकळे होत नसेल तर पंप मारत सुटू नये. हवेची चावी सैल करावी, दाब उतरतो. आणि रॉकेलच्या स्टोव्हात पेट्रोल कदापि नको. रॉकेल नेहमीच्या हवेत सहजी पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ शून्याच्या खूप खालीही पेटते.

हे सारे बायकांना तोंडपाठ होते. म्हणूनच 1970 नंतरच्या दोन दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वारंवार येऊ लागली, तेव्हा पुष्कळांना ती खटकली. अपघात होत, हे खरेच. गळक्या चावीने, भेसळीच्या तेलाने होत. पण टाकी शाबूत, पिन जागेवर, आणि पदर सुनेचाच का पेटावा? सासूचा का नाही? हा प्रश्न स्त्रियांच्या संघटना मोर्चे काढून विचारू लागल्या. 1983 साली दंडविधानात सासरच्या छळाविरुद्ध 498 अ हे कलम आले. 1986 साली 304 ब आले, आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून झालेल्या मृत्यूमागे हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर नवऱ्याला व सासरच्यांना कायद्यापुढे उत्तर देणे भाग पडले.