लोणारचें पाणी आणि ट्राउट मासा

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या कडेवरून खालीं पाहिलें, तर उल्कापातानें कोरलेल्या सुमारें १,८०० मीटर व्यासाच्या विवराच्या तळाशीं हिरवट पाण्याचें सरोवर दिसतें. येथल्या माणसांनीं या पाण्यांतून पिढ्यान् पिढ्या काढला तो मासा नव्हे, खार. काच व साबण यांना लागणारीं द्रव्यें येथें मिळतात आणि त्यांवर सरकारला चांगला महसूल येतो, अशी नोंद अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’त केली आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं कांठावर खार साचे. डल्ला, पापडी, भुसकी अशा त्याच्या जाती ठरलेल्या होत्या.

खाऱ्या पाण्यांत मासा जगत नाहीं म्हणावें, तर समुद्र आहेच! ट्राउट हा मुळांत थंड, गोड्या ओढ्यांत वाढणारा मासा. साहेबांनीं आपल्या गळाच्या हौसेसाठीं तो निलगिरींत आणला, आणि १९०० सालीं काश्मिरांतहि. पुढें १९५० नंतरच्या दशकांत नॉर्वेंतील विक बंधूंनीं त्याला हळूहळू समुद्राची संवय लावली, व तेथें खाऱ्या पाण्यांत ट्राउट पोसण्याचा धंदा उभा राहिला. समुद्रांत हा मासा खारेंच पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील खास पेशींवाटे बाहेर टाकतो.

लोणारची अडचण मिठापेक्षां सोड्याची आहे. समुद्राचा सामू ८ च्या किंचित् वर. लोणारचा दीर्घकाळ १० च्या आसपास मोजला गेला. माशाच्या शरीरांत तयार होणारा अमोनिया कल्ल्यांतून पाण्यांत जातो. पाणी इतकें अल्कधर्मी असलें कीं तो बाहेर पडेनासा होतो आणि मासा स्वतःच्याच विषानें मरतो. अमेरिकेंतील पिरॅमिड सरोवरांत ट्राउटची एक जात ९.४ सामूला तग धरते. केनियांतील मगादी सरोवरांत १० सामूलाहि तिलापियाची एक जात नांदते, पण ती अमोनियाऐवजीं युरिया टाकते. ती सोय ट्राउटला नाहीं. शिवाय वऱ्हाडचा उन्हाळा आहेच.

२०२० च्या जूनमध्यें पाणी आटून क्षार वाढला आणि सरोवर एकाएकीं गुलाबी झालें. हें काम मीठप्रिय सूक्ष्मजीवांचें, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखविलें. त्याच वर्षीं लोणारची गणना रामसर पाणथळ स्थळांत झाली. गोडें पाणी वाढून सामू पुरेसा उतरला, तर येथें मासा जगूंहि शकेल. मात्र तेव्हां खारावर पोसलेल्या या सूक्ष्म रहिवाशांना तेथें जागा उरणार नाहीं.