निर्वात गळती (मारुती व्हॅन)

पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये कार्ब्युरेटरला वगळून बाहेरची हवा शिरणे, यास निर्वात गळती किंवा व्हॅक्यूम लीक म्हणतात. १९८४ साली बाजारात आलेल्या व पुढे ओम्नी या नावाने ओळखल्या गेलेल्या मारुती व्हॅनमध्ये ७९६ घनसेंमी क्षमतेचे, तीन सिलिंडरचे इंजिन होते. तिच्या कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत रबरी नळ्या तडकल्याने किंवा गॅस्केट कडक झाल्याने हा दोष उद्भवतो.

लक्षणे

जादा हवेमुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते. इंजिन आयडलिंगला थरथरते किंवा बंद पडते; कधी त्याचे फेरे वाढतात व फुसफुस ऐकू येते. केवळ कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवल्यास लक्षण झाकले जाते, गळती मात्र राहते.

निदान

इंजिन चालू ठेवून एकेक नळी चिमटतात. जी चिमटल्यावर चाल स्थिरावते, तिच्या मार्गात गळती असते. सांध्यांवर साबणाचे पाणी थोडे फवारल्यास ते गळतीच्या जागी आत ओढले जाते आणि फुसफुस क्षणभर थांबते. इंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने पेट्रोल फवारणे धोक्याचे असते.

व्हॅक्यूम गेजवर समुद्रसपाटीला सुस्थितीतील इंजिन आयडलिंगला साधारणतः १७ ते २१ इंच पारा दाखवते. दर ३०० मीटर उंचीला हे मापन सुमारे १ इंचाने घटते. जालना शहर सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने तेथील दीड इंचाची घट ही गळती नव्हे.

ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत त्याची नळी गळल्यास पेडल कडक होते व गाडी थांबवण्यास अधिक जोर लागतो. म्हणून ती नळी प्रथम तपासतात.