आडनाव विचारणारे शहर : बडोदा, परळ आणि राजगृह



मागच्या वर्षी नोकरीमुळे आम्हाला औरंगाबादहून पुण्याला यावे लागले. घरात मी, नवरा आणि सात वर्षांची मुलगी. भाड्याचे घर शोधताना शाळा किती लांब, पाणी किती वेळ येते, भाडे किती, असे सगळे प्रश्न आम्ही वहीत लिहून ठेवले होते. पण एजंटचा पहिला प्रश्न आमच्या वहीत नव्हता. "आडनाव काय?" आमचे आडनाव मराठ्यांतही असते आणि आपल्यातही. त्यामुळे दुसरा प्रश्न लगेच आला, "म्हणजे मराठाच ना?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोलले नाही. एजंटने त्याला सोयीचा तो अर्थ काढला आणि घर दाखवले. घर चांगले होते. परत येताना मुलीने विचारले, "आई, बाबासाहेबांचा फोटो इथे हॉलमध्ये लावायचा की आतल्या खोलीत?"

समाजशास्त्रात एम.ए. केले, दहा वर्षे वस्त्यांमध्ये काम केले, आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचते आहे : बाबासाहेबांनी स्वतः घर कसे शोधले? आपण त्यांचे शिक्षण, त्यांची आंदोलने, त्यांचे ग्रंथ यांवर बोलतो. त्यांच्या पत्त्यांवर फारसे बोलत नाही. माझ्या मते त्यांचे तीन पत्ते हा आपल्या शहरी इतिहासाचा सारांश आहे.

पहिला पत्ता बडोद्याचा, साल १९१७. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे माहीत असल्याने ते पारशी धर्मशाळेत गेले आणि तिथे राहण्यासाठी त्यांना पारशी नाव धारण करावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. एक मित्र हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांच्याही घरी त्यांची सोय होऊ शकली नाही. शेवटी सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी हे सगळे सांगितले आहे.

या प्रसंगावर आपण रडतो. पण त्यातून काय शिकायचे हेही पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट : पदवी आणि पगार घराचे दार उघडत नाहीत. दुसरी : जात फक्त हिंदूंच्या घरात राहत नाही, ती शहराच्या सगळ्या मोहल्ल्यांत पसरते. आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त टोचते : लपवलेले नाव फक्त दहा दिवस टिकले. अकराव्या दिवशी काठ्या आल्या.

दुसरा पत्ता परळचा, पोयबावडीच्या बीआयटी चाळीचा. खोली क्रमांक ५० आणि ५१. बाबासाहेबांचे कुटुंब इथे सुमारे दोन दशके राहिले. ही चाळ कोणी बांधली हे लक्षात घ्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इंग्रज सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्या ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी. पुढे १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभारल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सार्वजनिक.

कोकणातून आणि देशावरून आलेला आपला माणूस गोदीत, रेल्वेत, गिरणीत लागला. गिरणीतही जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्याला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि त्याच्या थुंकीचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे ज्या जातीने त्याला कमी पगाराच्या खात्यात ठेवले, तिनेच तो कोणत्या चाळीत किती भाडे भरू शकेल हेही ठरवले. बीडीडी चाळींतही वस्ती बरीचशी जातीजातीने बसली. गावकूस मागे राहिले असे वाटले, पण ते एका चाळीच्या आणि दुसऱ्या चाळीच्या मधल्या अंगणात पुन्हा उभे राहिले. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली तेव्हा ते सगळ्यांना दिसले. १० जानेवारीला भागवत जाधव शहीद झाले.

पण परळच्या या पत्त्याची दुसरी बाजूही आहे. याच चाळीत राहून बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी केली, तिचे कार्यालय जवळच दामोदर हॉलमध्ये होते. माणसे हाकेच्या अंतरावर होती. वस्ती म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. वस्ती म्हणजे विहार, वाचनालय, जयंती, रात्री दवाखान्यात न्यायला धावणारा शेजारी. आणि वस्ती म्हणजे सहज सापडणारे लक्ष्यसुद्धा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. वस्तीची किंमत मोजणारे कोण असतात हे आपण विसरू नये.

तिसरा पत्ता दादरचा. ग्रंथ चाळीच्या खोलीत मावेनात, तेव्हा बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले आणि १९३४ च्या सुमारास कुटुंब तिथे राहायला गेले. हिंदू कॉलनी ज्या दादर-माटुंगा योजनेत बसली, तीही इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचीच. परळच्या चाळी कामगारांसाठी, दादरचे भूखंड मध्यमवर्गासाठी. एकाच ट्रस्टने आखलेल्या या दोन जगांमधले अंतर बाबासाहेबांनी स्वतःच्या कमाईने आणि स्वतःच्या नावाने ओलांडले.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, "म्हणजे बाबासाहेबही वस्ती सोडून सवर्ण वस्तीत गेलेच की!" हा युक्तिवाद मी अनेक फ्लॅटधारक बांधवांकडून ऐकला आहे. जयंतीची वर्गणी मागायला गेले की हमखास निघतो. तो अर्धाच खरा आहे. बाबासाहेब हिंदू कॉलनीत गेले, पण आंबेडकर म्हणूनच गेले. घराला नाव दिले बुद्धाच्या काळातल्या मगधाच्या राजधानीचे. धर्मांतराला तेव्हा दोन दशकांहून अधिक काळ बाकी होता. राजगृहात राहत असतानाच १९३५ मध्ये त्यांनी येवल्याची घोषणा केली. १९३६ च्या मे महिन्यात मुंबई इलाखा महार परिषद भरली तीही दादरच्याच नायगावात. पत्ता बदलला, बाजू बदलली नाही. शेजारी कोण आहेत यावरून त्यांनी आपला आवाज कमी-जास्त केला नाही.

बडोद्याचे घर आणि राजगृह, दोन्ही सवर्णांच्या आणि इतरांच्या मोहल्ल्यात. फरक एवढाच की एकात नाव लपवावे लागले आणि दुसऱ्यावर नाव लिहिलेले होते. मला वाटते, आपण घर कुठे घेतो यापेक्षा ते कोणत्या नावाने घेतो हा मोठा प्रश्न आहे.

अर्थात, नुसत्या स्वाभिमानाने किल्ली मिळत नाही. किल्ली कोणाच्या हातात आहे हे पाहावे लागते. मुंबईत १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. अशा अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक. 'सहकार' हा शब्द मोठा, पण सहकार कोणाशी करायचा ते जातीने आधीच ठरवलेले. नव्वद वर्षांनी, २००५ मध्ये, अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. बडोद्याच्या धर्मशाळेतल्या काठ्या गेल्या, नियमावली आली.

कायदा आपल्या बाजूने अजिबात नाही असे मात्र नाही. १९५५ च्या कायद्यानुसार, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यापासून किंवा तिथे राहण्यापासून रोखणे हा गुन्हा आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली. पण आज कोणी जातीचे नाव घेऊन नकार देत नाही. "मालकाला व्हेज फॅमिली हवी आहे", "कालच दुसऱ्यांनी टोकन दिले" अशी वाक्ये येतात. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात वेगवेगळ्या आडनावांनी भाड्याची घरे मागून पाहिली. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आडनाव बदलले की उत्तर बदलते, मुस्लिमांना सर्वाधिक नकार आणि त्यानंतर दलितांना, हे त्यातून पुढे आले. आपल्याला जो नकार मिळतो तोच, आणखी उघडपणे, मुस्लिम कुटुंबांनाही मिळतो. त्यामुळे ही लढाई एकट्याने लढायची नाही.

इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्यासाठी शहराची जी दारे उघडली त्यातली बरीचशी सरकारी दारे होती. ट्रस्टची चाळ, बीडीडी, रेल्वेचे क्वार्टर, पुढे म्हाडा. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात आणि सोडत काढणारा "तुम्ही नक्की कोण?" असे विचारत नाही. सरकार घरबांधणीतून अंग काढून घेते आणि सगळे बिल्डर-मालकाच्या मर्जीवर सोडते, तेव्हा त्याचा पहिला फटका कोणाला बसतो हे वेगळे सांगायला नको. म्हणून सार्वजनिक घरांची मागणी हीसुद्धा जातिअंताची मागणी आहे, ती आपल्या अजेंड्यावर आली पाहिजे.

आता माझ्या घराचे सांगते. दुसऱ्या दिवशी मी एजंटला फोन करून सांगितले, "आम्ही बौद्ध आहोत, मालकांना सांगा." तासाभरात उत्तर आले की मालकांचा भाचा राहायला येणार आहे. आणखी तीन घरे अशीच गेली. नवरा वैतागला. तो म्हणाला, "मुलीची शाळा सुरू होईल, तुझ्या तत्त्वासाठी तिने किती दिवस थांबायचे?" त्याचे चुकत नव्हते. ज्या कुटुंबाला उद्याच छप्पर हवे आहे, त्याने नाव सांगितले नाही म्हणून मी त्याला दोष देणार नाही. दोष विचारणाऱ्याचा आहे. बाबासाहेबांनाही बडोद्यात ते करावे लागले होते.

चौथे घर मिळाले. शाळेपासून जरा लांब, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मालकांनी आडनाव विचारले, मी पुढचेही सांगितले, ते म्हणाले, "भाडं पाच तारखेपर्यंत द्या, बाकी काही नाही." रविवारी विहारात जायला दोन बस बदलाव्या लागतात. तरी जातो, कारण मुलीला आपली माणसे माहीत असली पाहिजेत.

जे तरुण शहर बदलणार आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. शाळा पाहा, पाणी पाहा, जाण्या-येण्याचा वेळ पाहा. चांगल्या सोयींची जागा घेणे म्हणजे समाजाशी गद्दारी नव्हे, तो आपला हक्क आहे. फक्त त्या यादीत एक प्रश्न वाढवा : इथे आपल्या लेकराला आपले नाव मोठ्याने सांगता येईल का? आणि ज्यांची घरे आधीच झाली आहेत त्यांनी नव्याने येणाऱ्यासाठी आपल्या सोसायटीत शब्द टाका. घर शोधणारा एकटा पडतो, तिथेच तो हरतो.

७ जुलै २०२० ला राजगृहाच्या आवारात घुसून कुंड्या आणि काचा फोडल्या गेल्या. इतक्या वर्षांनंतरही तो पत्ता कोणाला तरी खुपतो. खुपू द्या. आमच्या घरी फोटो हॉलमध्ये लावला आहे, दार उघडले की समोर दिसतो.

जयभीम, नमो बुद्धाय.