अठ्ठावीस दिवस जास्तीचे

कंप्युटरला 0.1 आणि 0.2 यांची बेरीज विचारली तर बऱ्याच भाषांमध्ये उत्तर येतं 0.30000000000000004. नोकरीच्या पहिल्या वर्षी या शेपटाने मला एक अख्खी रात्र जागवलं. तेव्हापासून मी हिशेब रुपयांत ठेवत नाही, पैशांत ठेवतो. अपूर्णांक नकोच.

हीच युक्ती दीड हजार वर्षांपूर्वी कुणी वापरली असेल असं वाटलं नव्हतं. ती सापडली शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त. दीक्षित आमच्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या मुरुडचे. जन्म 1853, पेशा शिक्षकाचा. पुस्तक 1896 मध्ये आलं आणि दोन वर्षांत, पंचेचाळिशीही न गाठता, ते गेले. टिळक आळीतून शाळेत जाणाऱ्या मला हे नावसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ष म्हणजे 365 दिवस आणि वर काहीतरी. हे ‘काहीतरी’ लिहायचं कसं? जुन्या ज्योतिषांनी सरळ 43,20,000 वर्षांचं महायुग घेतलं आणि त्यातले दिवस पूर्णांकात सांगितले. आज प्रचलित असलेल्या सूर्यसिद्धान्तात ते आहेत 1,57,79,17,828. श्लोकात हा आकडा शब्दांत येतो: वसु म्हणजे 8, अद्रि 7, अंक 9, तिथी 15, आणि वाचायचं उलटीकडून. अक्षर चुकलं तर वृत्त बिघडतं, म्हणजे चूक पकडायची सोयही आहे.

मी एका रविवारी वेगवेगळ्या ग्रंथांतले आकडे घेऊन 43,20,000 शी त्यांचा मसावि काढला. आर्यभटाचे दिवस 1,57,79,17,500. मसावि 7,500. म्हणजे 576 वर्षांत बरोबर 2,10,389 दिवस. वराहमिहिराने सहाव्या शतकात सांगितलेल्या जुन्या सूर्यसिद्धान्ताचे दिवस 1,57,79,17,800. मसावि 5,400, म्हणजे 800 वर्षांत 2,92,207 दिवस. हातानेही करता येईल असं गणित.

आणि आजच्या सूर्यसिद्धान्तात? मसावि फक्त 4. वर्षं आणि दिवस पूर्णांकात जुळायला 10,80,000 वर्षं लागतात! जुन्या आकड्यात 28 दिवस वाढले, वर्षाला अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त फरक, पण आकड्याची घडी पार विस्कटली. पंचांगकर्त्यांना असले आकडे पेलणार कसे? कोकणातल्याच नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास ‘ग्रहलाघवा’त दिवसांची 4,016 ची चक्रं पाडली. चक्राबाहेर उरलेले दिवस कधी चार आकड्यांपुढे जात नाहीत. मला तर हा माणूस आमच्या टीममध्ये हवा होता.

एवढं करून हे वर्ष बरोबर होतं का? तर नाही. ताऱ्यांच्या हिशेबाने ते सुमारे साडेतीन मिनिटांनी लांब आहे आणि ऋतूंच्या हिशेबाने जवळजवळ 24 मिनिटांनी. म्हणजे साठ वर्षांत एक दिवस ऋतू निसटतो. शेवटच्या आकड्यापर्यंतचा काटेकोरपणा होता, चूक मिनिटांच्या घरात होती. माझ्याही कोडमध्ये हे घडलेलं आहे.

हे सगळे आकडे कोळून प्यालेले दीक्षित स्वतः सायन पंचांगाच्या बाजूचे होते, म्हणजे ऋतूंबरोबर चालणाऱ्या. त्यात मकरसंक्रांत डिसेंबरात येते, दिवस खरोखर मोठा होऊ लागतो तेव्हा. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई तीळ भाजत होती. जानेवारीत.