शिक्षा, स्थगित आणि एक ‘वि’

‘सर्व शिक्षा अभियान’ ही अक्षरं नागपूरच्या शाळांच्या भिंतींवर आली तेव्हा ती हिंदीतली होती. सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात निकालपत्रावर उमटते ती ‘शिक्षा’ मराठी. मूळ एकच, संस्कृत ‘शिक्ष्’, म्हणजे शिकणं. हा धातू ‘शक्’चं इच्छारूप: समर्थ व्हायची इच्छा. मराठीत शिक्षक आणि शिक्षण यांनी तो अर्थ सांभाळला, ‘शिक्षा’ तेवढी दंडाकडे गेली.

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी सहा महिन्यांची कैद सुनावतात आणि आरोपी त्याच संध्याकाळी घरी येतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, ‘शिक्षा स्थगित झाली.’ संस्कृतात ‘स्थगित’ म्हणजे झाकलेलं. इथे तोच अर्थ खरा आहे. ही सोय अपिलापुरती असते. अपील फेटाळलं की झाकलेली कैद समोर येते.

फ्रान्समध्ये १८९१पासून, इंग्लंडमध्ये १९६७च्या कायद्याने, शिक्षा सुनावूनही ती लांबणीवर टाकता येते आणि माणूस नीट वागला तर तुरुंग कायमचा टळतो. आपल्याकडे त्या जागी ‘परिवीक्षा’ आहे. इंग्रजी ‘प्रोबेशन’चं लॅटिन मूळ पारखण्याचं, त्याला ‘परीक्षा’ही चालली असती. शब्द घडवणाऱ्यांनी मधे ‘वि’ घातला आणि परीक्षकाच्या जागी लक्ष ठेवणारा माणूस आला. मला ही निवड फार मोलाची वाटते.

१९५८च्या कायद्याप्रमाणे इथे आरोपी दोषी ठरतो, पण शिक्षा सुनावलीच जात नाही. तो जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी चांगल्या वर्तणुकीचा जातमुचलका देतो. (यातली ‘जात’ अरबी, अर्थ ‘स्वतः’, ‘मुचलका’ तुर्कीकडून आलेला.) मुचलका मोडला तर शिक्षा ऐकायला परत यावं लागतं. पाळला, तर दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. पहिल्यांदाच सायकल चोरलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या आयुष्यात याने केवढा फरक पडतो! वर्धा रोडवरच्या तुरुंगात काढलेले चार महिने त्याला जे शिकवतील, ते कुठल्याच अर्थाने शिक्षण नव्हे.

नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाने असा कायदा १९३६मध्येच केला होता, मुंबई इलाख्याच्या दोन वर्षं आधी. आजच्या कायद्यात तर एकविसाच्या आतल्याला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कैदेत धाडण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कैदच का, याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. खालच्या कोर्टातल्या वकिलांनी ती कारणं दर वेळी मागावीत.